गिरणीवर शुगरची मशीन

माणसांना भात कमी खायला सांगायचं काम कोणी करावं? डॉक्टरनं करावं, सिस्टरनं करावं, फार तर शाळेतल्या गुरुजींनी करावं. धानाच्या गिरणीवाल्यानं तरी करू नये. मी केलं. आमच्या गावात धान भरडायची एकच गिरणी आहे आणि ती माझी आहे. केशोरीच्या अलीकडे, सडकेला लागून, टिनाच्या छपराखाली. गाव तीन वेळा भात खातं म्हणून माझी चूल दोन वेळा पेटते. असं असताना मी लोकांना 'दुसऱ्यांदा भात घेऊ नका' म्हणत सुटलो, तेव्हा बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं होतं.

ताप नव्हता. कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझा मोठा भाऊ.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वाटण्या झाल्या तेव्हा त्याला धानाच्या बांध्या, म्हणजे शेती आली, मला गिरणी आली. त्यावरून आमचं एकदाही वाजलं नाही, कारण दादाला खाण्यापुढे बाकीच्या गोष्टी बारीक वाटतात. त्याचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं आणि जेवण सगळ्यांत मोठं. लग्नाच्या पंगतीत दादा बसला की वाढणारे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. पहिला भात वरणाचा, दुसरा कढीचा आणि तिसरा 'कशाचाबी चालते' असा त्याचा हिशेब. जेवून उठल्यावर तो पोटावरून हात फिरवत सगळ्या मांडवाकडे असं पाही, की आपणच लग्न लावून दिलं आहे.

आता गिरणीतल्या वजनकाट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या वडिलांच्या काळापासून एक पद्धत पडली आहे. पोतं तोलून झालं की ते उतरवायचं आणि त्याच काट्यावर पोत्याच्या मालकानं उभं राहायचं. 'धान तोललं, आता धनी तोला,' असं वडील म्हणत आणि स्वतःच हसत. मग ते वजन खडूनं आतल्या भिंतीवर लिहायचं. ज्याची त्याची जागा ठरलेली. कोणी भिंतीवर नांगर काढून ठेवला आहे, कोणी कासव, दादानं बैलाचं तोंड काढलं आहे, पण ते बकरीचं दिसतं. वजन वाढलं की लोक खूश होतात, 'यंदा बरं पिकलं' म्हणतात. घटलं की सुनेकडे संशयानं पाहतात.

दादाचं वजन तीन खेपांत घटलं. चौऱ्याऐंशी होतं, मग एकोणऐंशी, मग एकाहत्तर. तिसऱ्यांदा मी काट्याला दोनदा हलवून पाहिलं. काटा बरोबर होता.

"दादा, तू तं निम्मा झाला," मी म्हणालो.

"चरबी झडली ना गा. कामाचा मानूस आहो मी," दादा म्हणाला. "तुह्यासारखा बटन दाबून बसत नाही."

"खाऊन राहिला ना बराबर?"

"पयल्यापेक्षा जास्त," असं म्हणून तो त्याचं ते मांडवभर हसणं हसला. मला हसू आलं नाही. जास्त खाऊन घटणारं माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ते आमचे मामा, आणि त्यांचा शेवट आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

त्या आठवड्यात वहिनी माझ्या बायकोकडे आल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, की हे रात्रीचे चार-पाच वेळा उठतात, उशाशी ठेवलेला पाण्याचा गडवा रिकामा करतात, आणि गोठ्यामागं ते जिथं जातात तिथं मुंग्या लागतात. एवढं सांगताना वहिनींनी पदर तोंडावर घेतला होता. बायकोनं मला सांगितलं आणि मी त्याच पावली दादाच्या घरी गेलो.

"दादा, उद्या उपकेंद्रात चाल. शुगर पाहू."

दादानं आधी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून, म्हणजे तरी शेजारच्या घरी जाईल इतका, तो म्हणाला, "तू पागल झाला का? पोरीचं जमून राहिलं. दिवाडीनंतर साखरपुडा करू म्हणतेत ते. अन् आता गावात झालं, का पोरीच्या बापाले शुगर आहे, तं कोन करंल तिले? म्हणतीन, घरान्यातच आहे. उद्या पोरीले होईल, मंग तिच्या लेकरायले होईल."

स्थळ बिरसीच्या विमानतळाकडचं होतं. घरची शेती, मुलगा शिकलेला, आणि दादाला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या घरावरून विमान जातं. हे विमान त्यानं अख्ख्या गावाला सांगितलं होतं. मी म्हणालो, गुपचूप गोंदियाला जाऊन तपासू. त्यालाही तो तयार होईना. गोंदियात आपल्याकडचं कोणी ना कोणी भेटतंच, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. साखरपुडा होऊ दे, मग तू म्हणशील तिथं बोट टोचून घेईन, म्हणाला. दिवाळीला अजून अडीच महिने होते. मला त्याचा इतका राग आला, की मी वहिनींनी आणलेला चहा न पिताच निघालो.

उपकेंद्रात नवीन सिस्टर आल्या होत्या. गोंदिया शहरातल्या, त्यामुळे बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्या दर मंगळवारी शुगर तपासायची मशीन घेऊन टेबल मांडून बसत आणि संध्याकाळी तशाच उठत. एकदा मी विचारलं, किती आले. तिघे, म्हणाल्या. एक मोबाईल चार्जिंगला लावायला आला होता, एक पत्ता विचारायला, आणि एक खरंच आला होता, पण मशीन पाहून त्याला आठवलं की घरी बैल सुटा आहे.

"भैया, लोग बीमार नहीं हैं ऐसा समझते हैं. बीमार दिसल्याशिवाय येतच नाहीत," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला सुचलं. दवाखान्यात जायचं म्हणजे आपल्याला काहीतरी झालं आहे हे गावापुढे कबूल करणं. गिरणीवर यायचं म्हणजे नुसतं धान आणणं. तिथं सगळेच येतात, आणि आल्यावर तासभर बसल्याशिवाय सुटका नाही. पोती रांगेत उभी राहतात आणि मालक निंबाच्या सावलीत बसून गावाची खबरबात काढतात. म्हटलं, सिस्टर, तुमचं टेबल माझ्या गिरणीत मांडा. वजन तर सगळे करतातच, त्याच्याच पुढे बोट. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल."

मी दादाला सांगून ठेवलं, की मंगळवारी लाईट दिवसभर राहणार आहे, तेव्हा साखरपुड्याचा तांदूळ त्याच दिवशी काढून घे. टेबलाबद्दल बोललो नाही. मी लहानपणी दादाकडून खूप फसवून घेतलं आहे, तेव्हा एकदा मी फसवलं तर देवाला चालेल, असं मी मनाशी ठरवलं.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपून पंधरा-वीस दिवस झाले होते. मंगळवारी सकाळपासून पोती लागली. बारा-चौदा माणसं सावलीत बसली. त्यात दादा, आणि त्याच्याशेजारीच ते स्थळ आणणारा मध्यस्थ. तो आमच्याच गावचा, त्याला यायला मी कसा अडवणार? दादाची मुलगी सायकलवर पोतं लादून आली होती. बी.ए. झालेली, बोलायला कमी, पण बोलली की बापाच्या तोंडचं पाणी पळवणारी. सिस्टरनी पांढरं कापड अंथरून टेबल मांडलं, मशीन काढली, कापसाचे बोळे केले, आणि सगळी माणसं एकदम सडकेकडे पाहायला लागली. सडकेवर काही नव्हतं.

"या, कोण येतंय पहिलं? एक बूंद खून, बस," सिस्टर म्हणाल्या.

कोणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, माझं रक्त आधीच कमी आहे. दुसरा म्हणाला, माझ्या बोटाला धार लागली की थांबत नाही. मध्यस्थ म्हणाला, आधी तरुणांनी घ्यावं. तरुण म्हणाले, आधी मोठ्यांनी. दादा तर पोत्याला टेकून झोपल्याचं सोंग घेऊन बसला होता. झोपेतसुद्धा त्याच्या हातात पाण्याची बाटली होती.

माझा स्वभाव वाईट आहे. मी मोटारीचा पट्टा उतरवला आणि ओरडलो, "ज्यानं बोट नाही दिलं त्याचं धान आज भरडून नाही देणार!"

मग काय विचारता! चौदा माणसं एकदम उठली. "हे का तुह्या बापाचं राज आहे?" एकानं विचारलं. वडिलांची गिरणी असल्यामुळे एका अर्थानं होतं, पण मी तसं बोललो नाही. दोघांनी पोतं परत सायकलवर चढवायला घेतलं. दादानं झोपेतून उठून विचारलं, "काय गा, तुही गिरनी आता मानसं कुटते का?" सगळे हसले, पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं. सिस्टर टेबलावरून उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला दबक्या आवाजात चांगलंच झापलं. "भैया, जबरदस्ती नाही चालत. असं केलं तर कल से कोई नहीं आएगा. पट्टा चढवा."

मी मान खाली घालून पट्टा चढवला. सगळं फिसकटलं, असं वाटून मला रडायलाच आलं होतं.

तेवढ्यात पुतणी टेबलासमोर येऊन खुर्चीवर बसली. तिनं हात पुढे केला. "सिस्टर, माह्यं घ्या."

सिस्टरनी बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. सगळे नकळत जवळ आले. एकशे चार. सिस्टर म्हणाल्या, एकदम ठीक आहे. पुतणी उठली नाही. तिथूनच म्हणाली, "आता बाबाचं घ्या."

"तू घरी चाल," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं एकदा मध्यस्थाकडे पाहिलं आणि परत मुलीकडे. "घरी चाल, मंग पाहतो तुले."

"बाबा, मी पंधरा दिवस झाले घर पुसून राहिली. तुह्या उजव्या पायाचे ठसे उमटतेत फरशीवर. रक्ताचे. तुले मालूमबी नाही. मी इचारलं तं तू म्हणतं, लाल माती असंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, लगन मोडलं तं दुसरं जमंल. बाबाचा पाय गेला तं दुसरा नाही जमत."

गिरणी चालूच होती, पण ती बंद पडल्यासारखं मला वाटलं. दादा हातातल्या बाटलीकडे पाहत उभा राहिला. मग तो आला, मुलीला खुर्चीवरून हातानं बाजूला केलं, बसला, आणि टेबलावर पंजाच्या पंजा ठेवून म्हणाला, "कोनतंबी घ्या."

तीनशे ब्याऐंशी.

मागून कोणीतरी पोरीचे एकशे चार आणि बापाचे तीनशे ब्याऐंशी ऐकून म्हणालं, "दादाच पयला आला!" परीक्षेच्या निकालासारखं. आणि काय झालं कोण जाणे, सगळे हसले, दादासुद्धा हसला, आणि मग प्रत्येकाला आपले मार्क जाणून घ्यायचे होते. तासाभरात सगळ्यांची बोटं झाली. आधी सायकलवर पोतं चढवणारे दोघे भांडून नंबर लावत होते. ज्याचे कमी आले तो खट्टू होऊन बसायचा, मग सिस्टर त्याला समजावायच्या, की यात कमीच चांगले. मध्यस्थाचे दोनशे सत्तर निघाले. मला वाटलं, चला, आता हा तरी तोंड उघडणार नाही.

मी दादाला मोटारसायकलवर बसवून त्याच दुपारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं सिस्टरनी दादाच्या पायाला बांधून दिलेली चिंधी सोडली, तळवा उजेडाकडे वळवला आणि चिमट्यानं नखाएवढा तुकडा बाहेर काढून ताटलीत टाकला. बांधीतल्या शिंपलीचा तुकडा. रोवणीच्या शेवटच्या दिवसांत कधीतरी घुसला असणार. दादा त्यावर पंधरा-वीस दिवस चालला होता, धुऱ्या-बांधांवरून फिरला होता, पोती उचलली होती, आणि त्याला कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता, आणि अंगठ्यावर भागलं असतं की नाही ते मी सांगू शकत नाही. दादा ताटलीतल्या त्या तुकड्याकडे पाहत होता.

पाचव्या दिवशी बिरसीहून निरोप आला. पत्रिका जुळत नाही, म्हणाले. हीच पत्रिका महिन्याभरापूर्वी गोंदियाच्या एका महाराजांनी पाहून, अशी जुळणारी पत्रिका मी दहा वर्षांत पाहिली नाही, असं सांगितलं होतं. मध्यस्थाचं दोनशे सत्तर काही कामाला आलं नाही. त्यानं दादाचं सांगितलं आणि आपलं ठेवून घेतलं.

दादानं माझ्याशी बोलणं सोडलं. नुसतं बोलणं नाही, त्यानं धान दुसऱ्या गावच्या गिरणीवर न्यायला सुरुवात केली. स्वतः पाय टेकायची मनाई, म्हणून भाड्याचा ऑटो करून, मागे पोती लादून, पुढे पांढरं बँडेज बाहेर काढून बसून, मुद्दाम माझ्या दारावरून जायचा. सडक एकच आहे, हे खरं, पण माझ्या दारासमोर हॉर्न वाजवायला ऑटोवाल्याला त्याच्याशिवाय कोण सांगणार? मी आतून पाहायचो. राग यायचा, हसू यायचं आणि वाईट तर फारच वाटायचं.

पुतणीची माफी मागायला म्हणून मी एकदा त्यांच्या घरामागच्या आवारात गेलो, दादा झोपला असताना. म्हटलं, बाई, माझ्यापायी तुझं जमलेलं मोडलं.

"काकाजी, तुम्ही त्याचे कान पायले होते का?" ती म्हणाली.

"कोणाचे?"

"त्या पोट्ट्याचे. घरावरून इमान जाते तं हे तेवढे झाले." आणि ती दोन्ही हात कानांपाशी पसरून इतकी हसली, की आत दादा जागा झाला आणि मला कुंपणावरून पळ काढावा लागला.

सिस्टरचं टेबल मात्र दर मंगळवारी माझ्या गिरणीत लागायला लागलं. ज्यांचं जास्त आलं त्यांना त्या तालुक्याला पाठवायच्या, तिथं रक्त तपासून गोळ्या सुरू व्हायच्या. त्या नीट बसवून सांगायच्या. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. भात कमी, वरण-भाजी जास्त. रोज चालायचं. अनवाणी राहायचं नाही. रोज तळवे पाहायचे. लोक माना डोलवायचे आणि जाऊन आपल्या मनाचं करायचे. आमच्या शेजारची म्हातारी, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, तिनं तर कमाल केली. महिन्यानं तिची शुगर होती तिथंच. सिस्टर वैतागल्या. मावशी रडकुंडीला आली.

"महिना झाला, भाताचं शीत नाही पायलं वो मी," ती म्हणाली. आणि मावशी खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे.

"मंग खाते काय मावशी?" मी विचारलं.

"सकारी पेज पेतो. दुपारी चिले. सांजेले मुरमुरे नाही तं पोहे. भात बिलकुल नाही."

तांदळाची पेज, तांदळाच्या पिठाचे चिले, तांदळाचेच मुरमुरे आणि पोहे. मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे शिजवून ताटात वाढतात तो भात, बाकी सगळं वरखाणं. ते कोणी जेवणात धरतच नाही. मी सिस्टरना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. त्या पुढच्या मंगळवारी मी एक सूप घेतलं आणि त्यात धान, तांदूळ, कणी, पोहे, मुरमुरे आणि पीठ असे सहा ढीग मांडून टेबलाशेजारी ठेवले. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, यातला भात कोणता? सगळे तांदळाकडे बोट दाखवत. मग मी गिरणीवाला म्हणून शपथेवर सांगायचो, की हे सगळे माझ्याच पोत्यातून निघाले आहेत. मावशी त्या सुपाकडे पाहत म्हणाली, "मंग जगाव कायनं?" तिला मी आणि सिस्टरनी मिळून लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आंबाडीची भाजी अशी मोठी यादी ऐकवली. ती सगळं आधीपासूनच करत होती, फक्त चिल्याला लावून खायची.

दिवाळी झाली, तिच्यामागून भरणारी गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, झाली. मंडईनंतरच्या मंगळवारी दारात ऑटो थांबला. हॉर्न वाजला नाही. दादा काठी टेकत उतरला. पायात जाड तळाचे, बंद बूट होते. सगळा जन्म चिखलात अनवाणी गेलेल्या माणसाच्या पायात बूट पाहून मला कसंसंच झालं. तो माझ्याकडे न पाहता सरळ वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला.

"तोल," म्हणाला.

"बूट काढ ना."

"बूट नाही काढत. डॉक्टरनं सांगतलं, पाय जमिनीले लावाचा नाही. बुटाचं वजन कापून घे."

शहात्तर भरलं, बुटांसकट. मी एक किलो कापलं आणि भिंतीवरच्या त्याच्या बैलाजवळ पंच्याहत्तर लिहिलं. तो लांबून पाहून म्हणाला, "बकरी नाही गा ते, बैल आहे." मी म्हणालो, मी कुठं काय म्हणालो. एवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

त्या दिवसापासून सिस्टरना मदतनीस मिळाला. दादा टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचा, बूट काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायचा आणि येईल त्याला तळव्यावरची खूण दाखवायचा. "पाह्य. इथून शिंपली काढली. एवढी! अन् मले मालूम नाही! तुह्याबी पायात असंल, पाह्य." शिंपली पहिल्या महिन्यात नखाएवढी होती, पुढे ती बोटाएवढी झाली आणि होळीपर्यंत तळहाताएवढी. सिस्टर म्हणायच्या, दादा थोडं कमी सांगा, लोग डर जाएंगे. पण लोक घाबरले नाहीत. त्यांनी घरी जाऊन तळवे पाहिले. एकाच्या टाचेत खिळा सापडला. त्याला शुगर नव्हती, तो नुसताच आळशी होता.

पुढचं स्थळ देवरीकडून आलं. पाहुणे बसले, पोहे आले, चहा आला. दादानं चहाचा कप हातात घेतला नाही. मी शेजारीच बसलो होतो. दादा म्हणाला, "आधी एक गोष्ट आयका. मले शुगर आहे. उजव्या पायानं मी जाता जाता राहिलो. पोरीचं तपासलं, तिले नाही. तुमाले चालत असंल तं चहा घ्या, नसंल चालत तं तरीबी घ्या, पन मंग पत्रिकेचं नाव नका सांगू."

मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं कप खाली ठेवला. म्हटलं, संपलं. तर ती बाई म्हणाली, "आमच्या घरी दोघायले आहे. गोळ्याचा डबा एकच आहे. मी बिनसाखरेचा मागाले लाजून राहिली होती." वहिनी आत पळाल्या आणि दोन कप फिका चहा आला. मग तीन आले, कारण दादाचाही होता.

वैशाखात लग्न झालं. दिवसाचं, घरच्याच अंगणात. पंगतीत वाढणाऱ्या पोरांनी सवयीनं दादासमोर भाताचं घमेलं आणून ठेवलं. दादानं त्यातून एक वाटी भात घेतला आणि घमेलं पुढे सरकवलं, तेव्हा अख्खी पंगत हात थांबवून पाहत राहिली. "जेवा ना," तो ओरडला, "का माह्या तोंडाकडे पायता?" मावशीनं पेज मागितली नाही. मी तिच्यावर डोळा ठेवून होतो.

उन्हं कलल्यावर मुलीला वाटेला लावायची वेळ झाली. दादा उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसला होता. सकाळपासून उभा होता, म्हणून बूट काढून, सतरंजीवर पाय ठेवून. पुतणी सगळ्यांच्या पाया पडत आली. माझ्या पडली, वहिनींच्या पडली, मग बापासमोर वाकली. वाकली ती उठेचना. दोन्ही हात दोन्ही पायांवर ठेवून तशीच राहिली. बायका रडायला लागल्या. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून दुसरीकडे पाहत होता.

गाडी सडकेला लागून दिसेनाशी झाली. मांडवात आम्ही दोघंच उरलो. दादा वाकून बूट चढवत होता, आणि नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तिचा हात डाव्याले समजला मले. उजव्याले नाही समजला."

डॉक्टरनं सांगितलं होतं, की त्या पायाची जाणीव आता परत येईलच असं नाही.

दादानं नाडीची गाठ ओढली आणि उठून उभा राहिला. "पन पाया पडाले दोन्ही होते ना गा," तो म्हणाला.

मी त्याला तिथंच, मांडवात, कवेत घेतलं. आम्हा भावांत तशी पद्धत नाही, त्यामुळे त्याला आधी काय झालं तेच कळलं नाही. मी रडत होतो आणि ते मी लपवलं नाही.